झाकण

गावाचं नाव काय.
प्रश्न नव्हे, नावच तसं: काय.
माली देशात, सेनेगल नदीच्या काठावर,
जिथं दुपारी तीनला लोखंडाला हात लावायचा नसतो.

बंद पडलेल्या स्टेशनासमोर फुसेनीची टपरी.
टपरीत एक लॅपटॉप, चार बटणं गेलेला,
आणि सिगारेटच्या डबीत नखाएवढी मेमरी कार्डं.
शंभर फ्रँकला दहा गाणी.
गिऱ्हाईक नाव सांगत नाही, त्याला ते ठाऊकच नसतं.
गुणगुणतं. फळीवर ठेका धरतं. म्हणतं,
ते रे, परवा कांद्याच्या ट्रकमध्ये वाजत होतं ते.
फुसेनी डोळे मिटतो, मग देतो.
क्वचित चुकतो. चुकलेलंही
गिऱ्हाईक ठेवून घेतं, असू दे म्हणतं,
आणि आठवड्याने तेच मागायला
भावाला पाठवतं.

गाण्यांचं बारसं फुसेनीच करतो:
नवीन२. नवीन२खरं. मूसाच्याफोनातलं. रडकं.
गाणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही.
पाण्याला विचारतं का कुणी, कुठल्या आडाचं?
(विचारतात खरं तर. खारं लागलं की विचारतात.)

कुंबा दियावारा आली ती भांडायलाच.
तिचा भाचा पॅरिसपलीकडे मोंत्रेयला
हॉटेलात भांडी घासतो.
त्याला फोनने आपणहून एक गाणं ऐकवलं:
मघाचं आवडलं ना, मग हेही आवडेल.
आवडलं. तिसऱ्यांदा ऐकताना
हातातली कढई त्याने खाली ठेवली.
आवाज हावामावशीचा होता.
आणि तो ठेका, ज्यावर खालच्या मजल्यावरची पोरं नाचत होती,
ठण्ण-नन-नन, ठण्ण-नन-नन,
ते घरचं झाकण.

चार वर्षांमागे, नणंदेच्या लग्नात
हावा गात होती, फोन कुंबाने धरला होता.
दुसऱ्या कडव्यात चुलीकडून
भाताच्या हंड्याचं झाकण सुटलं,
फरशीवर भिरभिरत राहिलं.
हावा थांबली, हसली,
आणि हसू ओठांवर असतानाच पुढची ओळ उचलली.
कुंबाने ते जावेला दिलं, जावेने ड्रायव्हरला,
ड्रायव्हरने डाकारला, नुआकशॉटला,
कर्णोपकर्णी, फोनाला फोन चिकटवून,
शेजारणी विस्तव देतात तसं.
पुढं कुणाच्या हाती लागलं, कोण जाणे.
त्याने झाकण ठेवलं.
हसू कापलं.

चाळीस लाख वेळा पडलंय म्हणे, मावशी, आपलं झाकण.

पैशाचं मागाहून बघू, कुंबा म्हणाली, आधी हसणं दे.
माझा तो फोन नदीत गेला.
आणि हावा आता लिब्रव्हिलला, मोठी बाई झालीये,
म्हणते, मी गाताना मध्येच हसत नाही कधी.

फुसेनीने डबी पालथी घातली.
एका कार्डावर लग्नच दुसरं.
एकावर नेमका कुणाचा तरी फोन येतो, गाणं तुटतं.
एकावर नुसता वारा, सहा मिनिटं,
तोही कुणीतरी शंभर फ्रँकात नेला असणार.
तिसऱ्या दिवशी सापडलं,
'रडकं' या नावाखाली.
सुरुवात संथ आहे ना, फुसेनी म्हणाला,
पुढं मी ऐकलंच नव्हतं.

कुंबाने घरी जाऊन फोन हंड्यात ठेवला.
हंड्यात आवाज भरतो, सगळे ठेवतात.
पहिलं कडवं. कुणाचं तरी मूल रडतंय.
दुसरं. झाकण पडलं.
शेजारची तेनेन धावत आली,
हंडा बघितला, झाकण बघितलं,
भिंतीला टेकून उभं, कडेला तीच जुनी पोच.
अगं, हे तर ते गाणं, ती म्हणाली,
पण मध्ये कुणीतरी हसतंय.
बिघडलंय तुमचं.

आणि आपला फोन पुढे केला:
द्या.