कारण क्रमांक चार

महिनाअखेर. चकाल्यात, नवव्या मजल्यावर
मी लीड नाकारत बसलोय.
एकच फोन, एकच पत्ता, सात खाती:
कारण क्रमांक चार, संशयास्पद.
कमिशन शून्य.

मग प्रमिला घुगरे, टेंभीपाडा, भांडुप,
यांचा मेल, सरळ मराठीत:
"साहेब, घरात फोन एकच आहे.
माणसं सात.
धाकटे दीर रात्रपाळीहून येईस्तोवर थांबले मी.
ओटीपी त्यांनी स्वतः वाचला,
चष्मा नव्हता तरी."

नियमावलीत संमतीवर दोन पानं आहेत.
थांबण्यावर ओळही नाही.

चार पुसून मी लिहितो, फेरतपासणी.
ऑडिटच्या सिक्वेरा मॅडम विचारतील, पुरावा?

तेवढ्यात खिशात फोन थरथरतो.
आईच्या पेन्शनचा ओटीपी,
माझ्या नंबरावर.