मधले एकोणीस

कापडावरचा गावनकाशा स्कॅन होऊन आला
तेव्हा त्याच्या घडीची रेघसुद्धा आली सोबत
आणि कुणाच्या तरी चहाचा अर्धा गोल.
घडीला नाला समजून आधीच्या पोरानं
तिच्यात पाणी सोडलं होतं.
मी तो नाला पुसला.
चहा तसाच ठेवला,
तो कुठल्याच थरात बसत नव्हता.

मग चार टाचण्या मारल्या:
तीन शिवा मिळतात तिथला दगड,
मारुतीमागची विहीर, रेल्वेचा पूल,
शाळेचा कोपरा.
तरी मौजे वाघपिंपरी अकरा मीटर सरकली
आणि म्हशीसारखी दुधनेत जाऊन बसली.
तिला बाहेर काढण्यात मंगळवार गेला.

आज वर आराखडा चढवलाय.
सेलू वाढत वाढत वाघपिंपरीपर्यंत आलंय.
पिवळा राहण्याचा, निळा बाजाराचा,
जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा.
मी भाड्यानं राहते ती गुंठेवारीतली खोली
हिरव्यात निघाली.
गवताची काडी नाही तिथं;
दोरीवर वाळणारा माझा एक ड्रेस आहे हिरवा,
तेवढ्यावरून रंगवलं असेल तर माहीत नाही.

साहेबांना दुपारपर्यंत यादी हवी.
पिवळ्यातले गट काढा, म्हणाले, आणि फोनवर गेले.
सॉफ्टवेअर फोनवर जात नाही, ते विचारतं:
पिवळ्यातले म्हणजे कसे?
पूर्ण आत असलेले? दोनशे बारा.
नुसते शिवणारेही? दोनशे एकतीस.
मधले एकोणीस पडद्यावर लुकलुकत राहतात
चपला काढाव्यात की नाही
हे न कळलेल्या पाहुण्यांसारखे.

दस्तगीर चाचा आलेत.
निवृत्त भूकरमापक.
सेतवारातली उर्दू अजून त्यांनाच लागते
म्हणून महिन्यातून दोनदा निरोप जातो.
चष्मा कपाळावर ढकलून
त्यांनी पडद्याला नाक लावलं.
“बेटी, ही रेघ रुंद किती?”
चाचा, हिला रुंदी नसते, म्हटलं,
आणि दाखवायला झूम करत गेले.
गट मोठा झाला, विहीर मोठी झाली,
विहिरीवरची मोटार दिसायला लागली,
रेघ तेवढीच, केसाएवढी.

चाचा हसले नाहीत.
“आम्ही टाक बुडवून ओढायचो.
अर्धा मिलिमीटर शाई म्हणजे
शिवारात अडीच मीटर.
तेवढ्यात धुरा असायचा.
ह्या दोनशे सतराच्या धुऱ्यावर हिवर होता,
साखळी ठेवून भाकरी तिथंच खायचो आम्ही.
शेंगा इकडच्या शेळ्या खायच्या,
तिकडच्याबी.”

तिसरा पर्याय होता: मध्यबिंदू.
गटाचा मध्य पिवळ्यात, तर गट पिवळा.
पण दोनशे सतरा कोयत्यासारखा वाकलेला,
वाटण्यांमध्ये पोट गेलेला.
त्याचा मध्य त्याच्यात नव्हताच.
तो पडला शेजारच्या दोनशे अठरात,
अनुसयाबाई लिपणे यांच्या सातबाऱ्यावर,
ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही.

दीड वाजला.
मी एकोणीस गट वेगळ्या रंगात टाकले,
मातीच्या रंगात, जरा करडा मिसळून.
रंगसूचीत त्यांच्यापुढं काय लिहावं सुचेना.
“धुरा लिही,” चाचा म्हणाले.
लिहिलं.
साहेब विचारतील.
मला नीटसं सांगता येणार नाही बहुतेक.

चाचा निघाले.
दारात सर्व्हरची काळी वायर आडवी पडलेली.
पायजमा चिमटीत धरून,
पाय उंच उचलून,
त्यांनी ती ओलांडली;
पलीकडे कुणाचा तरी हरभरा
नुकता उगवून आला असावा तशी.