भाजीच्या कप्प्यातली थंडी

सिमला ऑफिसात एकतीस वर्षं
मी पुण्याचं तापमान लिहिलं.
नाव सिमला, आणि बर्फ फक्त
कँटीनच्या लिंबू सरबतात.
सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच.
पाऱ्याच्या समोर डोळा धरायचा,
श्वास आवरायचा,
नाहीतर आपल्याच उबेनं आकडा चढतो.

निवृत्त झाले आणि कंद जमवू लागले.

सहकारनगरच्या गच्चीवर एकशे बारा कुंड्या.
कुंड्या कसल्या, श्रीखंडाचे डबे, दह्याचे,
एक डालड्याचा, पुरता गंजलेला नाही अजून.
सगळ्या लिलीच. येणारा म्हणतो, सगळ्या सारख्याच की!
असतील.
खडकीच्या रेल्वे क्वार्टर्समधून आणलेली गुलाबी,
तिच्या घशाशी हिरवं जरा जास्त आहे.
ही पिवळी एका बंद बंगल्याच्या फाटकाखालून
छत्रीच्या टोकानं उकरलेली;
डब्यावर तारीख आहे, पत्ता लिहिलेला नाही.
ही पांढरी क्वार्टर गेटच्या रोझलिन परेरांची.
देताना म्हणाल्या, उधार आहे हं,
पिल्लं झाली की दोन परत.
झाली. चार घेऊन गेले
तेव्हा दारावर भाच्याच्या नावाची पाटी होती.
ती चार वेगळ्या डब्यात आहेत.
माझ्या मोजणीत धरत नाही.

दिवाळीत ऋता आली ॲबरडीनहून,
लोकरीच्या मोज्यात तीन कंद लपवून.
मावशी, तिकडे तुझ्यासारखे वेडे ढिगानं,
थंडीत गुडघ्यांवर बसून
मान खाली घातलेल्या फुलाची हनुवटी
बोटानं वर करून बघतात.
बर्फातून येतं म्हणे. शुभ्र.
आतल्या पाकळीवर तेवढी हिरवी खूण,
तिच्यावरून जाती ठरतात.
फोनवर एकेक मोठं करून दाखवत होती.
मला दिसली कुणाची चंद्रकोर, कुणाची चिरी,
कुणाची घाईत टेकवलेली टिकली,
आणि एक अगदी कोरं कपाळ.
त्याला सगळ्यात जास्त भाव, म्हणाली.
मी काही बोलले नाही.

पुण्याला बर्फ कुठला?
फ्रिजचा भाजीचा कप्पा रिकामा केला.
मोजा तसाच ठेवला, शेजारी थर्मामीटर,
आणि माळ्यावरचं जुनं रजिस्टर काढलं.
साडेआठ : ४.२
साडेपाच : ५.० (दार उघडं राहिलं, कोथिंबीर)
अकरा आठवडे.

मग एका शनिवारी मंदाकिनीनं
सांबारासाठी छोटे कांदे म्हणून मोजा उलटा केला.
मी न्हाणीघरातून ओरडत आले.
एक सोलून झाला होता, विळी त्याच्या बुडाशी.
एक आधीच मऊ पडलेला, बुरशी धरलेला.
तिसरा ओट्यामागे घरंगळला
तो झुरळांच्या गावाला गेला असावा.
मंदाकिनी म्हणाली, ताई, एवढ्याशा कांद्यासाठी?
आणि मग स्वतःच पदरानं तो पुसून दिला.

तो उघडाच, सालीवाचून,
वाळू आणि पालापाचोळ्यात पुरला,
उत्तरेच्या भिंतीशी, टाकीच्या सावलीत.
त्या आठवड्यात पाषाणला ८.१ होतं.
एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनाला सगळे जाऊन आले,
यंदा मी गेले नाही.
सव्वीस जानेवारीला, समोरच्या शाळेत
कवायतीचा ढोल चालू असताना
एक पान वर आलं.
बोटभर. राखाडी हिरवं, टोकाशी जरा कठीण,
जणू काहीतरी फोडायच्या तयारीनं आलेलं
आणि वर तर नुसती हवा.

मंदाकिनी रोज पोळ्या झाल्या की वर येते.
फुललं का?
नाही गं.
मग उभीच राहते थोडा वेळ.

फेब्रुवारीच्या विसाव्या तारखेला ३४.६.
पान पिवळं पडलं, आडवं झालं.
ऑफिसात पाऊस नसला की एक शब्द लिहायचो आम्ही,
निरंक.
कोरं सोडायचं नाही, कोरं म्हणजे
कुणी बघितलंच नाही असा अर्थ होतो.

फूल : निरंक, असं लिहिलं.
कंद उकरून बघितला नाही.
पुढच्या दिवाळीपर्यंत मोजा धुऊन ठेवलाय.