शेहेचाळीस

तार्तूच्या इस्पितळामागे, तळघरात,
जिथं डिसेंबरात तीन वाजताच दिवा लागतो,
साल्मे तानिंग गुणसूत्रं कापते.
फोटोतली. शिवणाच्या कात्रीनं.

पहिल्या दिवशी तिनं मला एवढंच विचारलं,
हात थरथरतो का?
नाही, म्हटलं.
मग शिंकू नकोस, ती म्हणाली,
आणि खिडकीची फट वर्तमानपत्रानं बुजवली.

आधी रक्त येतं. कुपीत, उबेत,
तीन दिवस त्याला वाढू द्यायचं.
पेशी आपापल्या वाटणीच्या कामाला लागतात.

साल्मेच्या वडिलांची वाटणी झाली तेव्हा
शेत अर्धं झालं, घोडा थोरल्याकडे गेला,
आणि घड्याळ कुणीच मागितलं नाही
म्हणून भिंतीवरच राहिलं, बंद.
पेशीची रीत उफराटी.
ती वेगळं निघण्याआधी सगळं दुप्पट करते.
दोन मीटर मजकूर, अक्षरन् अक्षर,
अंधारात उतरवून काढते,
चुकलं तर मागे येऊन खोडते,
आणि मग दोन्ही प्रती कमरेशी जोडून ठेवते.
यातली अस्सल कुठली, विचारू नये.
दोहोंतही एक धागा जुना, एक नवा.

आता सगळी मधल्या रेषेवर येतात.
दोन टोकांकडून दोर ताणले जातात.
आणि नेमकं तेव्हाच
साल्मे कुपीत औषध सोडते,
शरदात फुलणाऱ्या एका विषारी कंदाचं.
दोर विरघळतात.
पेशी थबकते,
उंबऱ्यावर एक पाय उचललेला, तशीच.

मग ती स्टुलावर चढते
आणि हात उंच करून थेंब सोडते
खालच्या गार, ओल्या काचेवर.
पेशी फुटतात, आतलं पसरतं.
किती उंचीवरून? मी वही उघडून विचारलं.
माझ्या उंचीवरून, ती म्हणाली. तुझी वेगळी असेल.

मार्चमधल्या एका गुरुवारी पंचेचाळीसच भरली.
वर, जिन्यात, वाल्गाहून आलेलं जोडपं बसलेलं,
मांडीवर बूट-पुसणी टोप्या, कुणाशी बोलणं नाही.
त्यांची तीन पोटातच गेली होती.
आम्ही दोघी गुडघ्यांवर,
टेबलाखाली, रेडिएटरमागे, बॅटरी घेऊन.
शेवटी सापडलं साल्मेच्या लोकरी बाहीला चिकटलेलं,
शहाजिऱ्याएवढं.
मी हसले. ती हसली नाही.
चिमट्यानं उचलून जागेवर डकवलं,
पुन्हा मोजलं, मग मूळ फोटोत मोजलं,
मग उरलेल्या एकोणीस पेशींत.

त्याचेही शेहेचाळीस. तिचेही शेहेचाळीस.
आकडा बरोबर आला की लोक सुटतात
असं मला वाटायचं.
मग का? त्या बाईनं विचारलं.
डॉक्टर कागदाकडे बघत राहिले.
साल्मे ट्रे परत न्यायला आली होती,
ती तिच्या शेजारच्या पायरीवर बसली,
ट्रे मांडीवर. बराच वेळ.
तीनची बस त्यांनी चुकवली.

त्या संध्याकाळी कापायला मी बसले.
अकराव्या जोडीपाशी कात्री अंगठ्यात गेली,
थेंब फोटोवर पडला, तो फोटो फुकट.
साल्मेनं चिंधी बांधली, शिव्या दिल्या,
पाव कापून अर्धा माझ्यापुढे ठेवला.

सोमवारी चिंधी सोडली
तर खाली गुलाबी, कोवळी रेघ.
चार दिवस तिथं किती जणी
सगळं दुप्पट करून वेगळ्या निघाल्या,
कुणी थांबवलं नाही, कुणी फोटो काढला नाही.
मी अंगठा दाखवला.
साल्मेनं चष्मा वर केला, पाहिला,
म्हणाली, बरं. कात्री घे.