गोणपाटाएवढी

परतवाड्याहून पहिल्याच गाडीनं आलो.
मिशनच्या चर्चचा फोटो
आठच्या आत काढायचा,
नंतर ऊन भिंतीचा रंगच खाऊन टाकतं.

पायरीवर गोणपाट अंथरून
रूथाबाई अंबाडीची बोंडं वाळत घालत होत्या.
म्हटलं, जरा बाजूला घेता?
"कायले? येशूले अंबाडी चालत नाई का?"
तरी घेतलं उचलून,
चार बोंडं घरंगळली, तीही वेचली.

मग सगळं नीट आलं :
घंटा नसलेला मनोरा,
सागाचं दार,
१८९४ मधला पुसट नऊ,
कोनाड्यात पारव्याची अंडी.

रात्री फोटो मोठा करून पाहिला.
गिलाव्याला तडे, कौलांवर शेवाळ,
दारापर्यंत धूळच धूळ.
एक पायरी तेवढी लख्ख,
गोणपाटाएवढी.