हुबेहूब

बाबांच्या डिस्कमधून एकेचाळीस हजार फोटो निघाले.
उर्मास म्हणाला, तूच बघ, मला टाल्लिन सुटत नाही.
म्हणून मी एकटीच बोटीनं बेटावर आले,
टेबलावर लॅपटॉप मांडला,
चूल पेटवायचा कंटाळा, विजेची किटली लावली
आणि सॉफ्टवेअरला कामाला जुंपलं.

रात्रभर ते चेहरे निवडत बसलं,
वाटाण्यातले खडे निवडावेत तसं.
सकाळी विचारायला लागलं :
ही आणि ही एकच व्यक्ती का?
एक मी, पुढचे दोन दात पडलेली,
दुसरी हिल्या आत्या, तिच्या लग्नातली.
नाही, म्हटलं.
हा आणि हा?
हो. मधे फक्त सैन्यातली दोन वर्षं गेली.

टॅग पडत गेले. बोट. बोट. कुत्रा.
मासे, टोपलीतले.
धुक्याला त्यानं बर्फ म्हटलं,
आणि कुंपणापाशी वाढलेल्या जुनिपरला
'माणूस, उभा'.
तिन्हीसांजेला आम्हीही फसायचो त्या झुडपाला,
ते मी तसंच राहू दिलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे पडद्यावर आलं :
हुबेहूब फोटो, सहा हजार दोनशे अठरा.
काढून टाकू?

सहा हजार!
एकच खिडकी, एकच कुंपण,
पलीकडे साल्मेबाईंचं घर
आणि त्यावरचं ते वाकडं धुराडं.
ना तोल, ना उजेड, काचेवर कॉफीच्या वाफेचा डाग.
वेळ सात दहा. फार तर सात चौदा.
बाबांना फोटोचा नाद असा कधी नव्हताच,
कॅमेरा मच्छीमार संघानं निवृत्तीला दिलेला.
एकाही फोटोत माणूस नाही,
म्हणून ते कुणाच्याच नावावर पडले नव्हते.

बोट बटणावर ठेवलं होतं मी, खोटं कशाला सांगू.
पण खाली बारीक अक्षरांत दिसलं :
धूर. धूर. धूर. आग लागली आहे का?
आणि मधेच तीन फोटो, टॅग नसलेले.

दोन हजार अकरा, फेब्रुवारी.
सात दहा : घर, बर्फ, कोरडं धुराडं.
सात वीस : तेच.
सात सव्वीस : अर्ध्या फोटोभर बाबांची बाही,
दार उघडं, सगळं हललेलं.
मग एकोणीस दिवस काहीच नाही.
विसाव्या दिवशी सात दहाला
दोऱ्यासारखा एक धूर,
आणि बाबांनी त्याचे पाच फोटो काढलेले.

मग मी पहिल्यापासून बघत बसले,
एकेक, डोळ्यांत तेल घालून.
थंडीत जाड धूर, उन्हाळ्यात कॉफीपुरता,
शनिवारी दोन, कारण सौना तापायचा.
एका ईस्टरला अजिबात नाही, पण दारात
लेकीची लाल गाडी,
त्या दिवशी बाबा निवांत असणार.
शेवटचा फोटो नऊ नोव्हेंबरचा.
धूर आहे.

दहा नोव्हेंबरला, मी ट्रामच्या थांब्यावर,
सकाळी सव्वासातला फोन वाजला होता.
साल्मेबाई. बोलणं नेहमीच तुटक.
'त्रीनू, तुमच्याकडे धूर नाही.
मी जाऊन बघते. तू निघ.'
इतक्या लवकर त्यांना कळलं कसं,
हे मी पाच महिने कुणाला विचारलं नव्हतं.
त्यांच्याकडे तर कॅमेराही नाही.

काढून टाकू?
सॉफ्टवेअर अजून थांबलं होतं, बिचारं.
मी घड्याळ पाहिलं. सात पाच.
तीन दिवस झाले मला येऊन,
रात्री दिवा, सकाळी किटली,
आणि पलीकडच्या खिडकीत
पडदा बोटभर बाजूला.

बाहेर एप्रिलचं ऊन, थंडी अशी नव्हतीच.
तरी मी चुलीत तीन लाकडं सरकवली.
ओली निघाली.
खोकत खोकत फुंकर घातली,
डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.
धूर झाला, भरपूर.