बारा बाय वीस

पहिल्यांदा आला तेव्हा पासपोर्ट फोटो घेऊन आला होता,
मागे स्टुडिओचा निळा पडदा, कॉलर एका बाजूने दुमडलेली.
गणपतीच्या शुभेच्छांचा बोर्ड. खाली कोपऱ्यात
सुपारीएवढा चेहरा : त्र्यंबक डेकाटे, शुभेच्छुक.
निखारे शेठ म्हणाले, कानांचं पाहून घे जरा.
मी कान बसवले. तीळ पुसला.
दोनशे रुपये बाकी ठेवून गेला.

पुढच्या वर्षी तो कोपऱ्यातून मधे सरकला,
त्याच्या पुढच्या वर्षी गणपती डाव्या हाताला गेला.
मग मागे उजेड टाकायला सांगितला,
"देवाच्या मागं असते तसा, पण थोडा कमी."
नंतर 'थोडा कमी' कोणी म्हटलं नाही.

डोळे त्याचे नाहीत.
एका कॅलेंडरातल्या ऋषीचे आहेत, मीच कापून लावले,
रात्री साडेअकराला, डबा तसाच ठेवून.
सकाळी बडकस चौकात एक बाई चप्पल काढून
त्या डोळ्यांसमोर उभी. कडेवर तापानं फणफणलेलं लेकरू.
सांगावंसं वाटलं.
ऑटो निघाला.

केबलवाला पोरगा रिकाम्या खुर्च्या कापायचा,
दुसऱ्या सभेच्या टाळ्या जोडायचा, वर शंख.
"ते येऊन राहिले," एवढंच तो म्हणायचा पडद्यावर.
ते कोण, हे कधी नाही.
नाव लोक आपापल्या घरी भरायचे.

शब्बीरचाचा फ्रेम ठोकायचे, त्याच्यासुद्धा,
खिळे ओठांत धरून.
आषाढात यायचे थांबले.
शेठने लोखंडी फ्रेम आणली. टिकते, म्हणाले.
मी मान डोलावली.

तान्ह्या पोळ्याला पिवळी मारबत निघाली.
खोकला घेऊन जा, डेंग्यू घेऊन जा,
महागाई घेऊन जा गे मारबत!
इतवारीच्या तोंडाशी त्याची कमान, बारा बाय वीस,
आणि मारबतीचा उचललेला हात
अडकला त्याच्या गालात.

ढोल थांबले. कटर कोणाकडे आहे बे?
मला शोधून आणलं.
शिडीवरून पाहिलं : हजारो मोबाइल वर धरलेले.
कोणी ओरडलं नाही. धमकावलं तर मुळीच नाही.
मारबत बांधणाऱ्यांपैकीच एक म्हातारा हळू बोलला,
"हात काप, पोरी. कागदाचाच आहे."

फ्लेक्ससुद्धा कागदासारखाच फाटतो,
हे मला त्या गर्दीत सर्वांत जास्त माहीत होतं.

मी हात कापला.

ती एका हाताची पुढे गेली, तलावाकडे, जळायला.
मागून पुन्हा घेऊन जा, घेऊन जा.
पिवळा हात कमानीत तसाच,
संध्याकाळी त्याला हार पडला.

रात्री फोन आला : पुढच्या बोर्डात तो हात घ्या,
डोक्यावर, आशीर्वादासारखा. पिवळा जरा उजळ.

फोल्डर उघडलं. पासपोर्ट फोटो अजून तिथंच,
मोठे कान, घाबरलेले डोळे.
बिलावर लिहिलं, मागील बाकी दोनशे.
मग खोडलं.